फोर-के ब्लू-रे प्लेअर अमेरिकेहून आणावा का? ठाण्यातल्या एका घरापुरतं सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही ढोकाळीला राहता. घरी ५५ इंची फोर-के टीव्ही आहे आणि अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज येतोय असं भासवणारी डॉल्बीची पद्धत) असलेला साउंडबार आहे, पण त्या साउंडबारला एकच एचडीएमआय पोर्ट आहे, तो टीव्हीच्या एआरसीला, म्हणजे टीव्हीतला आवाज साउंडबारकडे पाठवणाऱ्या पोर्टला जोडलेला. कपाटात मराठी नाटकांच्या आणि जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी आहेत, थोड्या व्हीसीडी आहेत, दहा-बारा वर्षांपूर्वी इथेच घेतलेल्या काही ब्लू-रे आहेत आणि लग्नाच्या, मुंजीच्या डीव्हीडी आहेत. धाकटा भाऊ दिवाळीत न्यू जर्सीहून येतोय आणि येताना प्लेअर आणतो म्हणतोय. त्याने पाठवलेल्या यादीत फोर-के अपस्केलिंग, डॉल्बी व्हिजन, एचडीआर१०+, अ‍ॅटमॉस, थ्रीडी, वायफाय, नेटफ्लिक्स, बीडी-लाइव्ह असं बरंच काही आहे. तुम्ही विचारलंय की सगळ्यात जास्त सोयी कुठल्या मॉडेलात आहेत, आणि ओटीटी असताना हा खर्च करावा का.

मी ठाण्यात आणि खाडीपलीकडे वाशी-खारघरपर्यंत लोकांच्या घरी होम थिएटर बसवतो, जुने प्लेअर दुरुस्तही करतो. त्या अनुभवावरून सांगतो, मॉडेल कुठलं हा प्रश्न शेवटचा आहे. प्लेअरच्या डब्यावर छापलेली सोय तुमच्या डिस्कपासून टीव्ही आणि साउंडबारपर्यंत पोचली तरच ती सोय. मध्ये एक पोर्ट, एक केबल किंवा एक सेटिंग अडलं तर पैसे भरूनही ती तुमच्या घरात नाही. म्हणून सुरुवात तुमच्या कपाटापासून करू.

कपाटातल्या प्रत्येक प्रकारच्या डिस्कची मागणी वेगळी आहे. सीडी आणि व्हीसीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा तांबडा, आणि ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. किरण जितका बारीक तितके खड्डे जवळ जवळ कोरता येतात. म्हणून एका थरावर डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात आणि ब्लू-रेत २५ जीबी, दोन थरांत ५०. फोर-केची डिस्क, जिला अल्ट्रा एचडी ब्लू-रे म्हणतात, ती ६६ आणि १०० जीबीपर्यंत जाते. फोर-के प्लेअर खालच्या ब्लू-रे आणि डीव्हीडी चालवतो, पण साधा ब्लू-रे प्लेअर फोर-केची डिस्क कधीच चालवणार नाही, कितीही अपडेट केला तरी. दुकानात ओळखायची सोपी खूण म्हणजे ब्लू-रेची डबी निळी असते आणि फोर-केची काळी.

आता अमेरिकेचा मुद्दा. इथे बहुतेकांचे पैसे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डीव्हीडीला आणि ब्लू-रेला रीजन असतो, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याचं बंधन. डीव्हीडीत भारत ५ मध्ये आणि अमेरिका १ मध्ये. ब्लू-रेत भारत सी मध्ये, अमेरिका ए मध्ये, युरोप आणि आखाती देश बी मध्ये. अमेरिकेत घेतलेला प्लेअर डीव्हीडीसाठी १ आणि ब्लू-रेसाठी ए एवढंच मानतो. फोर-के डिस्कला मात्र रीजन नाही, त्या कुठल्याही देशातून घ्या, कुठल्याही देशाच्या फोर-के प्लेअरवर चालतात. तुमच्या ब्लू-रेच्या कव्हरच्या मागे पृथ्वीच्या गोळ्यासारख्या छोट्या खुणेत ए, बी, सी ही अक्षरं असतील. तिन्ही असतील तर काळजी नाही, आणि बऱ्याच स्टुडिओंनी तशाच काढल्या. एकटा सी असेल तर ती डिस्क भावाच्या प्लेअरवर लागणार नाही. मराठी-हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी बहुतेक सगळ्या रीजनना खुल्या असतात. इंग्रजी चित्रपटांच्या इथे विकलेल्या डीव्हीडी मात्र अनेकदा ५ च्याच असतात.

रीजन खुला असला तरी दुसरी अडचण आहे, आणि ती लोक विसरतात. आपल्याकडच्या अनेक डीव्हीडी पाल पद्धतीच्या आहेत, सेकंदाला २५ चौकटी आणि ५७६ ओळी. अमेरिकेत एनटीएससी चालतं, आणि तिथे विकले जाणारे बरेच प्लेअर पाल डिस्क स्वीकारतच नाहीत. डिस्क आत जाते, थोडा वेळ फिरते आणि पडद्यावर संदेश येतो की ही डिस्क चालवता येत नाही. नाटकांचं बरंच चित्रीकरण आपल्याकडे पालमध्येच झालंय, म्हणजे ज्यासाठी तुम्ही डिस्क जपून ठेवल्या नेमक्या त्याच बाद होण्याची शक्यता आहे.

तिसरी गोष्ट वीज. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. प्लेअरच्या मागे लेबल असतं. त्यावर '१००–२४० व्होल्ट' लिहिलं असेल तर फक्त पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर पुरतो. '१२० व्होल्ट ६० हर्ट्झ' एवढंच असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. पिनचा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज कमी करत नाही. तो लावून प्लेअर थेट आपल्या पॉइंटला जोडला तर पॉवर सप्लाय पहिल्याच वेळी उडतो, आणि तिथली वॉरंटी इथे कामाला येत नाही.

व्हीसीडीबद्दल एवढंच की नव्या फोर-के प्लेअरमध्ये ती चालेल हे गृहीत धरू नका, मॉडेलप्रमाणे बदलतं. पुस्तिकेत चालणाऱ्या डिस्कची यादी असते, तीत व्हीसीडीचं नाव दिसलं तरच हो समजा. यूएसबीचंही तसंच, कुठल्या फाइल चालतात तेही तिथेच दिलेलं असतं.

आता चित्राकडे येऊ. 'ओटीटीवर फोर-के दिसतंच की, मग डिस्क कशाला?' हे मला जवळपास प्रत्येक घरी विचारलं जातं. नेटफ्लिक्स स्वतः फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं इंटरनेट सुचवतं. साध्या ब्लू-रेत नुसत्या चित्रासाठी ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, आणि १०० जीबीच्या फोर-के डिस्कमधून चित्र-आवाज मिळून १२८ मेगाबिटपर्यंत माहिती निघू शकते. फरक चेहऱ्याच्या क्लोजअपमध्ये फारसा दिसणार नाही. रात्रीचा रस्ता, धूर, पाऊस, पाण्यावरचा उजेड, जुन्या फिल्मची रवाळ पोत, अशा ठिकाणी दिसतो. ओटीटीवर काळोख्या भिंतीवर पट्टे पट्टे उमटतात आणि पावसाचा चिखल होतो. डिस्कवर थेंब थेंब राहतो.

पण तुम्ही किती लांब बसता यावरही अवलंबून आहे. ५५ इंची पडदा साधारण चार फूट रुंद असतो. निरोगी डोळा सात फुटांच्या पलीकडून १०८० ओळींचे ठिपकेही वेगळे ओळखू शकत नाही, मग फोर-केचे कुठून ओळखणार? ढोकाळीच्या टू बीएचकेमध्ये सोफा आणि टीव्ही समोरासमोरच्या भिंतींना असतील तर अंतर नऊ-दहा फूट पडत असेल. तिथून नुसत्या ठिपक्यांसाठी फोर-के घेण्यात अर्थ नाही. तिथूनही दिसतो तो एचडीआरचा फरक, म्हणजे उजेड-काळोखाचा पल्ला आणि रंगांची खोली. तो टीव्हीच्या ताकदीवर ठरतो. एचडीआर चित्रपट सहसा १००० निट्सच्या (निट्स हे पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेडासाठी तयार केलेले असतात, काही ४००० साठी. स्वस्तातल्या फोर-के टीव्हीचा उजेड ३०० निट्सच्या आसपास संपतो. बाकीचा उजेड टीव्हीला खाली दाबून बसवावा लागतो, आणि तो कसा दाबायचा याचं मार्गदर्शन दृश्यागणिक देणं हे डॉल्बी व्हिजनचं काम. एचडीआर१०+ चंही तेच. म्हणून साधारण उजेडाच्या टीव्हीला ही सोय जास्त उपयोगी पडते, फक्त ती टीव्हीलाही यायला हवी. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, एचडीआर१०+ असतं. एलजीत उलट. आपला टीव्ही यातलं जे बोलतो तेवढंच प्लेअरमध्ये बघा, दुसऱ्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. साधं एचडीआर१० मात्र प्रत्येक फोर-के प्लेअरमध्ये असतंच, ते बंधनकारक आहे.

सोनीच्या काही मॉडेलांत डॉल्बी व्हिजन हाताने चालू-बंद करावं लागतं. चालू ठेवून साधी डिस्क लावली तर तीही जबरदस्तीने त्यातच ढकलली जाते आणि रंग विचित्र दिसतात. पॅनासॉनिकच्या वरच्या मॉडेलांत एचडीआर ऑप्टिमायझर म्हणून सेटिंग आहे. त्यात आपला टीव्ही कुठल्या प्रकारचा आहे ते सांगितलं की उजेड दाबायचं काम प्लेअरच करतो. मध्यम ताकदीच्या टीव्हीवर मला ही सोय डब्यावरच्या अर्ध्या यादीपेक्षा मोलाची वाटते.

अपस्केलिंगबद्दल, म्हणजे जुनं लहान चित्र फोर-के एवढं मोठं करण्याबद्दल, जास्त आशा बाळगू नका. पाल डीव्हीडीत ७२० बाय ५७६ एवढंच चित्र असतं, व्हीसीडीत ३५२ बाय २८८. त्यातून फोर-केचा तपशील कोणी काढू शकत नाही. फक्त कडा नीट करता येतात आणि हलणाऱ्या गोष्टींवरचे कंगव्यासारखे दात घालवता येतात. हे काम चांगला टीव्हीही करतो. दोन्ही करून बघा, म्हणजे प्लेअरचं रेझोल्यूशन एकदा 'ऑटो'वर आणि एकदा १०८० वर ठेवा आणि एखाद्या नाटकाचा तोच प्रवेश पुन्हा चालवा. जे डोळ्यांना बरं वाटेल ते ठेवा. आणि जुनं चौकोनी चित्र ताणून पडदाभर करू नका. दोन्ही बाजूला काळे पट्टे राहू द्या, नाहीतर रंगमंचावरची सगळी माणसं बुटकी दिसतात.

आवाज. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी अडचण इथे आहे, म्हणून नीट वाचा.

ब्लू-रेवरचा आवाज डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असा असतो, स्टुडिओत मिक्स झाला तसाच्या तसा, काहीही न गाळता. डिस्कवरचं अ‍ॅटमॉस बहुधा ट्रूएचडीवर बसवलेलं असतं. ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या आटोपशीर प्रकारावर असतं. साधं एआरसी डॉल्बी डिजिटल प्लस नेऊ शकतं, ट्रूएचडी नाही. त्यामुळे तुमच्या आत्ताच्या जोडणीत असं होईल की नेटफ्लिक्सवर साउंडबारवर 'अ‍ॅटमॉस' हा शब्द उमटेल, आणि महागाची डिस्क लावली की तो नाहीसा होईल. आवाज येईल, कारण ट्रूएचडीसोबत डिस्कवर साधा डॉल्बी डिजिटलचा पर्यायही ठेवलेला असतो, पण ५.१ वरच, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर एवढ्यावरच थांबेल. डीटीएसच्या, म्हणजे डॉल्बीऐवजी त्या दुसऱ्या पद्धतीचा आवाज असलेल्या डिस्कचं तर आणखी अवघड. काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, मग एकतर शांतता किंवा नुसता दोन बाजूंचा आवाज. लोक प्लेअरला दोष देतात, दुरुस्तीला घेऊन येतात. प्लेअर ठणठणीत असतो.

उपाय तुमच्या साउंडबारवर अवलंबून आहे. त्याच्या पोर्टवर किंवा पुस्तिकेत 'ईएआरसी' (एआरसीचीच जास्त माहिती नेणारी पुढची आवृत्ती) लिहिलंय का बघा, आणि टीव्हीच्या पोर्टवरही. दोन्हीकडे असेल तर सेटिंगमध्ये ते चालू करा, टीव्हीचा डिजिटल आवाज 'पास-थ्रू'वर (म्हणजे न बदलता पुढे पाठवण्यावर) ठेवा, ट्रूएचडी आरपार जाईल. एकाकडेच असेल तर उपयोग नाही. दोन्हीकडे साधं एआरसीच असेल तर डीटीएस डिस्कसाठी प्लेअरमधून थेट साउंडबारला ऑप्टिकल केबल टाका, प्लेअरला ऑप्टिकल आउट असेल आणि साउंडबारला डीटीएस समजत असेल तर ५.१ मिळेल. ट्रूएचडी मात्र ऑप्टिकलमधूनही जात नाही. पुढे कधी साउंडबार बदललात तर एचडीएमआय 'इन' असलेला घ्या. मग प्लेअर साउंडबारला, साउंडबार टीव्हीला, आणि हा सगळा गुंता मिटतो.

प्लेअरच्या आवाजाच्या मेनूत आणखी एक छोटं सेटिंग असतं, 'बीडी ऑडिओ मिक्स' किंवा 'सेकंडरी ऑडिओ' अशा नावाचं. मेनूतले टिकटिक आवाज आणि दिग्दर्शकाची टिप्पणी मुख्य आवाजात मिसळायला ते असतं. ते चालू असेपर्यंत अ‍ॅटमॉस बाहेर पडत नाही. बंद करा, आणि आउटपुट 'बिटस्ट्रीम'वर ठेवा, म्हणजे प्लेअर आवाज स्वतः न उलगडता तसाच साउंडबारकडे पाठवेल. सगळं बरोबर जोडूनही अ‍ॅटमॉस न येण्याचं मला सापडणारं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

केबलकडे दुर्लक्ष करू नका. मानपाड्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये मला बोलावलं, तक्रार होती की नवा फोर-के प्लेअर 'मध्येच डोळे मिटतो'. डिस्क लावली. पाच-सात मिनिटं सुरळीत गेली, मग चित्र दोनेक सेकंद काळं झालं, परत आलं, आवाजही त्याच वेळी तुटला. घरातल्यांनी एक प्लेअर बदलून घेतला होता, दुसराही तसाच. मी प्लेअरचं आउटपुट १०८० वर आणलं आणि अर्धा तास चालू ठेवलं, एकदाही काळं झालं नाही. म्हणजे प्लेअर निर्दोष, वाट अरुंद. फर्निचरच्या कामाच्या वेळी भिंतीतल्या पाइपातून दहा मीटरची जुनी एचडीएमआय केबल टाकून वरून वॉलपेपर लावलेला होता. सेट-टॉप बॉक्सला ती पुरायची, पण फोर-के एचडीआरला सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंतची वाट लागते. पाइपाला दोन काटकोनी वळणं होती, केबल ओढून निघेना. शेवटी स्कर्टिंगच्या कडेने फायबरची एचडीएमआय केबल नेली आणि त्रास थांबला. अशी केबल घेतलीत तर तिला दिशा असते, एक टोक प्लेअरसाठी आणि एक टीव्हीसाठी, टोकांवर लिहिलेलं असतं. तुमचा प्लेअर टीव्हीखालच्या कप्प्यातच राहणार असेल तर दोन मीटरची, 'प्रीमियम हाय स्पीड' प्रमाणित साधी केबल पुरे. मात्र टीव्हीच्या त्या पोर्टचं 'एन्हान्स्ड फॉरमॅट', 'डीप कलर' किंवा अशा नावाचं सेटिंग चालू करा. बऱ्याच टीव्हींत ते कारखान्यातूनच बंद येतं, आणि मग सगळं नवं असूनही एचडीआर दिसत नाही. पोर्टला एचडीसीपी २.२ (चित्राची चोरून नक्कल होऊ नये म्हणून असलेलं कुलूप) हवं, तेही टीव्हीच्या पुस्तिकेत पोर्टनुसार दिलेलं असतं.

भावाच्या यादीतल्या उरलेल्या गोष्टी भराभर. थ्रीडी सोडून द्या, थ्रीडीचे टीव्ही बनणं २०१७ च्या सुमारास थांबलं, तुमच्या टीव्हीत ते नसणार. प्लेअरमधलं नेटफ्लिक्स नको, टीव्हीत आहे, आणि प्लेअरमधल्या अ‍ॅपना अपडेट मिळणं आधी बंद होतं. बीडी-लाइव्हवर, म्हणजे डिस्कसोबत इंटरनेटवरून मिळणाऱ्या जास्तीच्या मजकुरात, आता बघण्यासारखं काही उरलं नाही. वायफाय किंवा लॅन मात्र हवं, कारण नव्या डिस्कच्या कुलपाच्या चाव्या फर्मवेअर अपडेटमधून येतात. अपडेट न केलेला प्लेअर नवी डिस्क नाकारतो आणि माणसाला वाटतं डिस्क खराब आहे.

बाजाराचीही कल्पना देतो. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये. सोनी आणि पॅनासॉनिक ही दोन नावं प्रामुख्याने उरली आहेत. इथल्या दुकानांत निवड थोडी आहे आणि नव्या डिस्क बहुतेक बाहेरूनच मागवाव्या लागतात. म्हणून 'पुढच्या वर्षी बघू' असा सल्ला मी देत नाही. घ्यायचं असेल तर घ्या, आणि घेताना दहा वर्षं वापरायचं यंत्र समजून घ्या.

इथवरचं थोडक्यात, तुमच्या घरापुरतं. अमेरिकेचा प्लेअर तुमच्या नव्या फोर-के डिस्क उत्तम चालवेल, जुन्या ब्लू-रेपैकी काही चालवेल, आणि पाल डीव्हीडी बहुधा चालवणार नाही. तुमच्या साउंडबारला ईएआरसी नसेल तर डिस्कचा खरा आवाज आत्ता मिळणार नाही. आणि नऊ-दहा फुटांवरून टीव्हीचा एचडीआर चांगला असेल तरच फोर-केचा फरक जाणवेल.

तर करायचं काय? वर्षाला दोन-तीन चित्रपट बघत असाल आणि बाकी वेळ मालिका, तर फोर-के प्लेअर घेऊ नका. ज्यांच्याकडे परत परत जावंसं वाटतं असे पंधरा-वीस तरी चित्रपट मनात असतील, तर जरूर घ्या. ओटीटीवरून चित्रपट हक्क संपले की गुपचूप जातो, डिस्क तुमच्या कपाटातून कोणी काढून नेत नाही. घ्यायचा ठरला तर माझी पहिली पसंती इथेच, बिल आणि वॉरंटीसह मिळणाऱ्या प्लेअरला. तो न मिळाल्यास ओळखीचं कोणी दुबईहून किंवा सिंगापूरहून येत असेल तर तिथला, कारण दोन्हीकडची वीज आपल्यासारखी आणि दोन्हीकडे पाल चालतं, फक्त ब्लू-रेचा रीजन दुबईचा बी आणि सिंगापूरचा ए हे लक्षात ठेवा. घरात मुलांना गेमिंगची आवड असेल तर डिस्क ड्राइव्हवाला प्लेस्टेशन ५ हाही मार्ग आहे. तो इथे सहज मिळतो, फोर-के डिस्क चालवतो, पण चित्रपटांना डॉल्बी व्हिजन देत नाही आणि ऑडिओ सीडी चालवतच नाही. भावाचाच प्लेअर यायचा असेल तर तो फक्त फोर-के डिस्कसाठी समजा, आणि घेण्याआधी मागच्या लेबलचा फोटो मागवा.

आणि तुमचा आत्ताचा जुना डीव्हीडी प्लेअर भंगारवाल्याला देऊ नका. पाल, व्हीसीडी, सगळं तो विनातक्रार वाचतोय. नव्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना थेट लागत नसतील तर बारीक जॅकची एव्ही वायर मिळते, तीवर चालेल. ठाणे स्टेशनबाहेरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. एका यंत्राने सगळं करावं हा हट्ट सोडलात तर खर्चही कमी आणि डोकेदुखीही.

डिस्कची निगा आपल्याकडच्या हवेमुळे जास्त घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ठेवलेल्या डिस्कवर बुरशीच्या बारीक फांद्या उमटतात, उजेडात तिरकी धरली की दिसतात. पाऊच काढून टाका, डिस्क कडक डबीत उभ्या ठेवा, कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला. डाग पडलाच तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. ब्लू-रेत माहितीचा थर पृष्ठभागाच्या ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६, म्हणून ब्लू-रेवर कडक लेप दिलेला असतो आणि तो सहज ओरखडत नाही. पण बोटांचे ठसे तिला जास्त भोवतात. व्हीसीडीत उलट, माहिती छापील बाजूच्या लगेच खाली असते. तिच्या नावाच्या बाजूवर ओरखडा पडला की तो भाग गेलाच.

प्लेअर सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका, खालची उष्णता त्याला लागते. घोडबंदर रोडच्या बाजूला बांधकामांची धूळ सतत घरात येते, तुमच्याकडेही येत असेल. ती लेन्सवर बसते. डीव्हीडी लागते पण ब्लू-रे लागत नाही असं कधी झालं तर आधी लेन्स साफ करून घ्या. निळा लेसर वेगळा असतो आणि सगळ्यात नाजूक असतो. साफ करूनही नाही लागली तर पिकअप, म्हणजे लेसर आणि लेन्सचा भाग, बदलावा लागेल.

शेवटचं तुमच्या लग्नाच्या आणि मुंजीच्या डीव्हीडींबद्दल. तुम्ही त्यांचा उल्लेख जाता जाता केलाय, पण मी असतो तर प्लेअरच्या आधी हे काम हाती घेतलं असतं. चित्रपटाची डीव्हीडी कारखान्यात साच्यातून दाबून काढलेली असते. फोटो स्टुडिओने दिलेली डीव्हीडी लेसरने रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते, आणि तो थर उष्णतेने, उजेडाने, दमटपणाने फिका पडत जातो. चित्रपट पुन्हा मिळेल, हे मिळणार नाही. कोणाकडून डीव्हीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर किंवा यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह घ्या. डिस्क उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसेल, ते जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवा. घरगुती डिस्कला कुलूप नसतं. लगेच दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये रूपांतर करू नका, प्रत्येक रूपांतरात थोडं गळतं. हवं तर टीव्हीवर बघायला एक वेगळी एमपी४ करून ठेवा. त्यासाठीचा पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि त्या फॉरमॅटचा पेनड्राइव्ह टीव्ही वाचतो का तेही आधी बघून घ्या. एखादी डिस्क कॉपी होताना अडकली तर जोर न लावता पुसून दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घाला, अनेकदा तिथे निघते. दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा, भावाकडे दिलीत तर उत्तमच.

आणि कॉपी झाली म्हणून लगेच डबी बंद करू नका. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, खराबी बहुधा बाहेरच्या कडेकडून सुरू होते. त्यामुळे पूर्ण भरलेल्या डिस्कचा शेवटचा भाग सगळ्यात धोक्यात असतो. हार्ड डिस्कवरच्या प्रतीतली शेवटची दहा मिनिटं चालवून बघा. तिथे चित्र अडखळलं नाही, चौकोन फुटले नाहीत, तर पुढची डिस्क घ्या.